पाच दिवसांची चिठ्ठी

तीजेला अजून चार दिवस होते. दुरड्यांमध्ये पेरलेला गहू बोटभर वर आला होता आणि बंजारा तांड्यातल्या पोरी रोज संध्याकाळी तांड्याच्या नायकाच्या घरासमोर जमून त्याला पाणी घालत होत्या. पाणी घालून झालं की गोल करायचा, गाणं म्हणायचं, टाळी चुकली की एकमेकींना ढकलून खिदळायचं. सहा वर्षांची उर्वशी यंदा पहिल्यांदाच त्या गोलात उभी राहिली होती. तिची आई बबिता समोरच्या ओट्यावर बसून तिच्यावर नजर ठेवून होती. नजर ठेवणं हा बबिताचा स्वभावच होता. पोरीनं किती घास खाल्ले, किती वेळा खोकली, शाळेतून येताना पायात चप्पल होती की हातात, सगळं तिला ठाऊक असायचं.

सगळ्या पोरी डावीकडे वळल्या आणि उर्वशी एकटीच उजवीकडे गेली. शेजारच्या पोरीवर जाऊन आदळली. पुढची मोठी पोरगी ओरडली, "अव, थांब म्हनलं ना!" गाणं पुन्हा सुरू झालं. उर्वशी पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा चुकली तेव्हा ओट्यावरच्या बायाही हसल्या, आणि मोतीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "डॉक्टरीनबाईची पोट्टी आपल्याच तालात हाय व! आईनं सांगतलं असन, कोनाचं आयकू नोको म्हनून."

बबिता उठली, गोलात गेली आणि तिनं पोरीच्या गालात एक ठेवून दिली.

"किती वेळा सांगायचं तुले? कान कुठं असतात तुहे?"

उर्वशी रडली नाही. तिनं आईच्या ओठांकडे पाहिलं, अगदी डोळे बारीक करून, आणि विचारलं, "काय म्हनलं आई?"

तेवढ्यात बबिताची सासू मानीबाई खाटेवरून उठून आली. तांड्यातली सगळीच तिला याडी, म्हणजे आई, म्हणत, म्हणून बबिताही म्हणायची. म्हातारी नातीच्या मागे, डाव्या अंगाला उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "उर्वशी." पोरगी आईकडेच पाहत राहिली. मग मानीबाई दोन पावलं सरकून उजव्या अंगाला गेली. "उर्वशी." पोरीनं लगेच मान वळवली.

"पोट्टीले डाव्या कानानं आयकू येत नाही," मानीबाई म्हणाली. "अन् तू मारून राह्यली तिले."

बबिताच्या तळहाताची आग अजून गेली नव्हती. तिला वाटलं, पायाखालची जमीन फाटली तर बरं. रात्रंदिवस पोरीवर डोळा ठेवणाऱ्या बाईला जे कळलं नाही, ते मोतीबिंदू झालेल्या म्हातारीला दोन हाकांमध्ये कळलं होतं.

आता त्या कानाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती तांड्यात सगळ्यांना माहीत होती, पण अर्धीच.

बबिता बी.एस्सी. होती. दारव्ह्याच्या कॉलेजात तीन वर्षं शिकली होती, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. लग्न होऊन नेरजवळच्या या तांड्यात आली. नवरा राजकुमार नेरमध्ये मोटारपंपाच्या वाइंडिंगचं दुकान चालवायचा, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. तांड्यात औषधाच्या पाकिटावरचं इंग्रजी वाचणारी बाई एकटी हीच. कोणाची गोळी जेवणाआधी, कोणाची जेवणानंतर, हे विचारायला बाया तिच्याकडे येत. तिलाही ते आवडायचं. डॉक्टरीनबाई म्हणून चिडवलं तरी आतून आवडायचं.

मागच्या वर्षी उर्वशीचा डावा कान ठणकला तेव्हा मानीबाईनं पळीत तेल गरम केलं, लसणाच्या दोन पाकळ्या टाकल्या आणि कोमट तेलाचे थेंब नातीच्या कानात सोडले. बबितानं ते पाहिलं. घरात पाहुणे बसले होते, तरी तिनं पळी हिसकून घेतली. "याडी, तुमच्या अडाणीपनानं पोरीचा कान जाईन!" असं ती बोलली होती. मानीबाई त्या दिवसापासून नातीची वेणी घालायची, तिला न्हाऊ घालायची, पण कानाला बोट लावायची नाही.

बबितानं पोरीला नेरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी निळ्या झाकणाची प्रतिजैविक ड्रॉपची शिशी लिहून दिली. दोन दिवसांत कान बरा झाला. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं: पाच दिवस, नंतर दाखवा. बबितानं दाखवलं नाही. बरा झालेला कान कशाला दाखवायचा? मात्र एवढी गुणकारी चिठ्ठी फाटू नये म्हणून तिनं ती नेरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतली.

तिथून सगळं सुरू झालं. महिन्याभरानं कानात खाज आली, शिशी आणली, खाज थांबली. पुन्हा आली, पुन्हा आणली. मेडिकलवाला चिठ्ठीकडे पाहायचा, तिच्या प्लास्टिककडे पाहून हसायचा आणि शिशी काढून द्यायचा. पुढंपुढं बबिता रोज सकाळी शाळेआधी दोन थेंब टाकायला लागली, खाज येऊच नये म्हणून. आणि तांड्यात कोणाचाही कान दुखला की ती चिठ्ठी त्या घरी जायची आणि परत यायची. सात घरं फिरली होती. शेजारच्या रामलालकाकाच्या घरी तर दोन महिन्यांपासून तीच शिशी चालू होती. काकाला साखरेचा आजार होता. कान इतका दुखायचा की झोप लागायची नाही. त्यांची सून संगीता विचारायला आली तेव्हा बबितानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "टाकत राहा. फरक पडते."

दुसऱ्या दिवशी बबिता पोरीला घेऊन यवतमाळला निघाली. मानीबाई न विचारताच लुगडं बदलून एसटीत येऊन बसली. उर्वशी मधे बसून खिडकीबाहेरची सोयाबीनची शेतं पाहत होती, आणि बबिता तिच्या डाव्या बाजूला मुद्दाम हळूहळू बोलून पाहत होती. "भूक लागली का?" उत्तर नाही. "उर्वशी, भूक लागली का?" उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस तिला झालं नाही.

कानाच्या डॉक्टर गुंजन मॅडम तरुण होत्या, बोलायला भराभर. त्यांनी बारीक नळीचा कॅमेरा उर्वशीच्या कानाशी नेला आणि टेबलावरच्या पडद्यावर कानाचं आतलं उमटलं.

बबितानं पाहिलं. भिजून फुगलेल्या कागदासारखा पांढरा लगदा, आणि त्यावर काळे ठिपके. बारीक देठ, देठाच्या टोकावर काळं डोकं. तिनं ते याआधी पाहिलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला, पावावरची बुरशी काचपट्टीवर घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली. पेन्सिलनं सुबक आकृती काढली होती, सरांनी लाल शाईत शेरा दिला होता. त्याच परीक्षेत तिनं उत्तर लिहिलं होतं की प्रतिजैविकं जिवाणूंना मारतात, बुरशीला नाही. उलट जिवाणू मेले की बुरशीला मोकळं रान मिळतं. पूर्ण गुण मिळाले होते त्या उत्तराला.

"बुरशी आहे," मॅडम म्हणाल्या. "चांगलीच माजली आहे. बरेच दिवसांची दिसते. घरी काय टाकत होतात कानात?"

दारात दोन पेशंट उभे होते. नर्स तिच्याकडे पाहत होती.

"सासूबाई तेल टाकतात," ती म्हणाली. "लसणाचं. मी किती सांगितलं, ऐकत नाहीत."

ती हे बोलली आणि मागे स्टुलावर बसलेल्या मानीबाईकडे तिनं पाहिलं नाही. पाहणं शक्यच नव्हतं.

"काय हो आजी?" मॅडमचा आवाज चढला. "किती वर्षं झाली, आम्ही घसा कोरडा करतो. कान म्हणजे काय दिवा आहे का, तेल ओतायला? पोरीला बहिरी करायची होती का?"

मानीबाईनं पदर नीट केला. म्हातारीला मराठी चांगली समजायची. नेरच्या बाजारात चाळीस वर्षं घासाघीस केलेली बाई ती. पण ती काही बोलली नाही. नर्सनंही मान हलवून 'या म्हाताऱ्या' अशा अर्थाचं तोंड केलं.

मॅडमनी मशीनच्या नळीनं लगदा ओढून काढला. उर्वशीनं आजीचा हात घट्ट धरला होता, आईचा नाही. सफाई झाल्यावर पडद्यावर कानाचा पडदा दिसला, लाल, सुजलेला, आणि त्यात खालच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक.

"हे भरून येऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. "बुरशीचं औषध देते. पाणी अजिबात जाऊ द्यायचं नाही. दहा दिवसांनी यायचं म्हणजे यायचंच. मुलं निभावतात हो यातून. खरी भीती शुगरच्या म्हाताऱ्यांची. त्यांच्या कानाचं दुखणं साधं समजून लोक घरी बसतात. आत हाडापर्यंत पोचतं, चेहऱ्याची नस जाते, कधी जीवही जातो. चला, पुढचा पेशंट."

बबिता चिठ्ठी घेऊन बाहेर आली. तिच्या मनात एक हिशेब झाला आणि त्याची तिला तिथंच किळस आली: आता निळी शिशी बंद करायची, नवीन औषध टाकायचं, पोरगी बरी होईल, कोणाला काही कळायचं कारण नाही. याडी बोलणार नाही. बोलली तरी तिचं कोण ऐकणार?

पण रामलालकाका?

बसस्टँडवर मानीबाईनं नातीला केळं सोलून दिलं. नेरची बस लागली होती. बबितानं बाजूला जाऊन संगीताला फोन लावला.

"काका कसे हायेत व?"

"काय सांगू ताई," संगीता म्हणाली. "सकायपासून तोंड वाकडं झालं त्यायचं. चहा पेला तर एका बाजूनं गयला सारा. सारे म्हनतात वारं गेलं अंगावरून. जानकार बोलावला हाय, संध्याकायी मालिश करते म्हने. तुमचं औषध मी टाकलं बरं का आजबी. चार थेंब टाकले, जास्त दुखून राह्यलं म्हनून."

"आता टाकू नको," ती म्हणाली. "संगीता, आयक. काहीच टाकू नको."

"काहून?"

काहून, याचं उत्तर फोनवर द्यायला तिची जीभ वळेना. "मी करते फोन," म्हणून तिनं तो बंद केला.

बसचा कंडक्टर ओरडत होता. मानीबाई नातीला पायरीवर चढवत होती. बबितानं पोरीचा दंड धरून तिला खाली उतरवलं.

"याडी, परत जावं लागते."

"कुठं?"

"डॉक्टरकडं."

मानीबाईनं सुनेकडे नीट पाहिलं. "काही राह्यलं का तिथं?"

"हो," बबिता म्हणाली. "राह्यलं."

दवाखान्यात आता गर्दी वाढली होती. नंबर नव्हता. बबिता नर्सला ओलांडून सरळ आत शिरली. मॅडम एका माणसाचा घसा पाहत होत्या.

"बाहेर थांबा ताई, नंबरानं या."

"मॅडम, तेल कोणी टाकलं नाही."

मॅडमनी वळून पाहिलं.

"वर्षभर तेल नाही टाकलं कोणी. मी टाकत होते, ड्रॉप." तिनं पर्समधून ती लॅमिनेट केलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "पाच दिवसांची होती. मी आठ महिने औषध टाकलं. रोज."

मॅडमनी चिठ्ठी उचलली, वाचली, उलटीपालटी केली. प्लास्टिकवर त्यांचं बोट थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येण्याआधी एक क्षण नुसतंच आश्चर्य आलं, आणि ते रागापेक्षा जास्त झोंबलं.

"शिकलेल्या दिसता तुम्ही."

"बी.एस्सी. आहे. मायक्रो."

घसा दाखवायला आलेला माणूस तोंड उघडं ठेवूनच ऐकत होता.

"मग मघाशी खोटं का बोललात? तेल असेल तर एक गोष्ट, हे ड्रॉप असतील तर दुसरी. पडद्याला भोक आहे पोरीच्या. त्यातून हे औषध आतल्या कानात उतरलं असेल तर ऐकू येण्याची नसच दुखावते. ती भरून येत नाही. मला हे माहीतच नसतं तर मी तपासलंही नसतं."

"अजून एक आहे," बबिता म्हणाली. तिला आता थांबता येत नव्हतं. "आमच्या शेजारी काका आहेत. शुगर आहे. दोन महिन्यांपासून कान दुखतो, रात्री जास्त. त्यांनाही हेच दिलं मी. आज सकाळी तोंड वाकडं झालं."

मॅडम उभ्याच राहिल्या. "आत्ता आणा त्यांना. माझ्याकडे नाही, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात. मी फोन करून ठेवते. मालिश वगैरे काही नाही. तुमच्या थेंबांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. शुगरमुळे होतं ते. पण दोन महिने गेले ना. उठसूट ड्रॉप टाकण्यात दोन महिने गेले."

बबितानं तिथूनच राजकुमारला फोन केला. दुकान बंद कर, गाडी पाहा, काकाला घेऊन ये. "का, काय झालं?" त्यानं विचारलं, आणि दवाखान्याच्या बाकावर, आठ-दहा लोकांच्या मधे बसून तिनं सगळं पुन्हा सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "निघतो," आणि फोन ठेवला.

मग उर्वशीची ऐकण्याची तपासणी झाली. कानाला मोठे हेडफोन लावून तिला काचेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. उजव्या कानाला पोरीचं बोट भराभर वर जात होतं. डाव्या कानाची वेळ आली तशी ती शांत बसून राहिली. काचेतून आईकडे पाहत राहिली, काही चुकतंय का आपलं, अशा नजरेनं. बबितानं तोंड फिरवलं नाही. मधेच एकदा बोट वर गेलं, अर्धवट, परत खाली आलं.

"थोडं नसेचंही दिसतंय," कागद पाहून मॅडम म्हणाल्या. "किती कायमचं आणि किती सुजेमुळं, ते तीन महिन्यांनी कळेल. आज मी खोटा दिलासा देत नाही."

परतीच्या बसमध्ये उर्वशी आजीच्या मांडीवर झोपली. अर्धी वाट सरल्यावर बबिता म्हणाली, "याडी, तुम्ही मघाशी काहून नाही बोलल्या? डॉक्टर इतकं बोलल्या तुम्हाले."

मानीबाई खिडकीबाहेर पाहत होती. "मी पाहून राह्यली होती," ती म्हणाली, "तू बोलते का नाही ते."

"अन् नसती बोलली तर?"

"मंग तुह्यासंग बोलनं बंद केलं असतं. आनखी काय करू मी म्हातारी?" तिनं नातीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "अन् तेल मी टाकलतं ना मागच्या साली. तेबी काही चांगलं नव्हतं. तुहं त्या वक्ती खरं होतं. पन पाहुन्यायसमोर मले अडानी म्हनाची गरज नव्हती."

बबिता पदरानं तोंड पुसत राहिली.

तांड्यात ती त्याच संध्याकाळी घरोघर गेली. काकाचं सोडून उरलेली सहा घरं. ज्यांच्या घरी शिशी होती ती परत मागायची आणि का, ते सांगायचं. पहिल्या घरी ती म्हणाली, "हे औषध आता बंद झालं." ते बोलून तिचंच तिला लागलं, आणि उंबऱ्यावरून परत वळून तिनं खरं सांगितलं. मोतीबाईनं शिशी आणून तिच्या हातावर आदळली. "म्हंजे आमच्या पोट्टीच्या कानात तू वर्षभर काय ओतून राह्यली, तुलेच मालूम नोहतं? अन् आमी तुह्या पायी लागत होतो!" बबिता ऐकून घेऊन पुढच्या घरी गेली. बाया दारात उभ्या राहून पाहत होत्या. गव्हाच्या दुरड्यांशी गाणं चालू होतं, ती आली तसं थांबलं, ती गेल्यावर पुन्हा सुरू झालं.

रामलालकाका वाचले. हाडापर्यंत गेलेलं दुखणं होतं. महिनाभर सलाईनमधून औषध चाललं. त्या कानानं त्यांना आता ऐकू येत नव्हतं आणि चेहऱ्याची डावी बाजू सैलच राहिली. बबिता पंधरा दिवस त्यांना भेटायला गेली नाही. रोज डबा करायची, राजकुमारच्या हाती पाठवायची. सोळाव्या दिवशी राजकुमार म्हणाला, "आज डबा तूच घेऊन जाय. मी नाही नेत."

वॉर्डात दोन्ही बाजूंनी खाटा होत्या. संगीता खाली सतरंजीवर बसली होती. तिनं बबिताला पाहिलं आणि डबा घेतला, पण बस म्हणाली नाही. काका उशीला टेकून बसले होते. डाव्या कानावर पट्टी.

बबिता खाटेशी वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, माही चूक झाली. ते औषध मी द्यायला नको होतं."

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काय म्हनते?"

"माही चूक झाली."

"जोरात बोल, पोरी. हा गेला, अन् ह्या कानानंबी कमीच येते."

शेजारच्या खाटेवरची बाई वळून पाहू लागली. पलीकडे कोणाचे तरी नातेवाईक डबा खात होते, ते थांबले. संगीता मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होती.

बबितानं खाटेची दांडी धरली. "मी शिकलेली होती काका," ती ओरडून म्हणाली, आणि तिचा आवाज वॉर्डाच्या दारापर्यंत गेला. "मले समजत होतं. चिठ्ठीवर पाच दिवस लिहिलतं. तरी मी तुम्हाले दोन महिने टाकायले लावलं. माह्यामुळं उशीर झाला."

काका तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्याची एकच बाजू हलत असल्यामुळं ते रागावले की काय, तिला कळेना.

"आता आयकू आलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पोट्टीचा कान कसा हाय?"

"माहीत नाही काका. अजून अडीच महिने लागतात."

"काय?"

"माहीत नाही," तिनं पुन्हा ओरडून सांगितलं.